डुकरांच्या अंगावर चट्टे आले तर: आधी ताप मोजा, मग औषध

प्रश्न सिन्नर तालुक्यातून आलाय. यॉर्कशायर संकराच्या ३ माद्या, १ नर आणि अडीच महिन्यांची १९ पिल्लं. आठवड्याभरापासून ११ पिल्लांच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल पुटकुळ्या आहेत, काही ठिकाणी काळपट खपल्या धरल्यात. पिल्लं खातात-पितात. एक मादी मात्र दिवसभर मान आणि कान भिंतीला घासते. गावातल्या लोकांनी सांगितलं, ‘हा स्वाइन फीव्हर आहे, बाकीचा माल मरायच्या आत विकून मोकळे व्हा.’ काय करावं?

विकू नका. निदान आज तरी एकही डुक्कर फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. तुमच्या वर्णनावरून पिल्लांना बहुतेक डुकरांची देवी झाली आहे आणि मादीच्या अंगात खरूज किंवा उवा आहेत. या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे, तो पुढे सांगतो. स्वाइन फीव्हरची, म्हणजे कळपच्या कळप मारणाऱ्या विषाणूच्या तापाची, शक्यता कमी दिसते. पण ‘दिसते’ यावर थांबायचं नाही. ती तपासायला वीस मिनिटं आणि एक थर्मामीटर पुरतो.

कातडीकडे बघून निदान करायची घाई करू नका. लाल, जांभळा, काळा हे रंग डझनभर आजारांत सारखेच दिसतात. पहिला फरक तापाचा. अंगावर चट्टे आहेत आणि ताप नाही, तर तुमच्याकडे वेळ आहे. चट्टे आणि ताप दोन्ही आहेत, तर प्रत्येक तास मोलाचा आहे.

ताप सकाळी ऊन चढायच्या आत मोजायचा. पिल्लांना पळवून, पाय धरून, किंचाळायला लावून घेतलेलं माप फसवं असतं, कारण धावपळीने डुकराचं तापमान सहज एक-दीड अंश वाढतं. खाद्य टाका आणि ती खात असताना मागून जा. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, त्याला दोरा बांधून ठेवा. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात सुमारे ५ सेंटिमीटर आत सरकवा आणि तिरका करून आतड्याच्या भिंतीला टेकवा. शेणाच्या मधोमध राहिला तर माप चुकतं. साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट ठीक समजा. १०४ च्या वर ताप. १०५ ते १०७ म्हणजे मधलं सगळं सोडून ‘आता ताप असलेली बाजू’ इथून पुढचा भाग आधी वाचा. आजारी दिसणारी ४ आणि धडधाकट दिसणारी ४, अशा निदान ८ डुकरांचं माप घ्या आणि वहीत लिहा. स्वाइन फीव्हरमध्ये कातडी लाल व्हायच्या एक-दोन दिवस आधीच ताप चढलेला असतो, म्हणून धडधाकट दिसणाऱ्यांचं मापही तितकंच महत्त्वाचं.

डुकरं एकमेकांवर चढून ढीग करून पडली की लोक घाबरतात. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा निरोगी पिल्लंही अशीच पडतात. तीच पिल्लं मार्चच्या दुपारी ढीग करून कुडकुडत असतील, तर तो ताप.

आता तुमच्या पिल्लांकडे. देवीचा विषाणू फक्त डुकरांतच राहतो. तो गाई-बैलांच्या लम्पीमधून आलेला नाही, तुमच्या गोठ्यातल्या गाईला जाणार नाही आणि घरातल्या मुलांनाही होत नाही. सुरुवातीला सपाट लाल ठिपका येतो, मग हरभऱ्याएवढा उंचवटा, मग मधोमध किंचित खोलगट, आणि शेवटी गडद खपली. एकाच पिल्लाच्या अंगावर या सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसतात, ही मोठी खूण आहे. जागाही ठरलेली: पोट, काखा, मांड्यांची आतली बाजू, कधी तोंड आणि कान. चार महिन्यांखालच्या पिल्लांना जास्त, मोठ्यांना क्वचित. सुरुवातीला दोन-तीन दिवस हलका ताप येऊ शकतो, पण खाणं सहसा सुटत नाही. ३ ते ४ आठवड्यांत खपल्या गळतात आणि बरं झालेलं डुक्कर पुन्हा सहसा आजारी पडत नाही. मरतुक फार कमी. पिल्लं दगावतात ती मुख्यतः जखमांत पू झाल्यामुळे किंवा आधीच अशक्त असल्यामुळे.

देवीवर विषाणू मारणारं औषध नाही, आणि आपल्याकडे लसही नाही. महागडं अँटिबायोटिक सगळ्यांना टोचण्यात पैसे वाया जातात. पू धरलेल्या आणि मलूल झालेल्या पिल्लांपुरतंच ते डॉक्टरांना विचारून द्या. रोज एकदा जखमांवर पोव्हिडोन आयोडीन लावा. ते नसेल तर १० लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवून त्याने पुसून घ्या; रंग फिका गुलाबी-जांभळा हवा, गडद झाला तर कातडी भाजते. खपल्या खरवडून काढू नका. गळालेल्या खपलीत विषाणू वर्षभर जिवंत राहू शकतो, म्हणून खाली पडलेला कोंडा, भुसा, पेंढा रोज गोळा करून जाळा. नाहीतर पुढच्या वेताला पुन्हा हेच.

आणि इथे तुमची ती भिंतीला अंग घासणारी मादी येते. देवीचा विषाणू एका डुकरातून दुसऱ्यात नेण्याचं मोठं काम उवा करतात. डुकराची ऊ इतर जनावरांच्या उवांपेक्षा मोठी, पाच-सहा मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना दिसते. मादीचा कान उलटा करून त्याच्या मागची घडी, काख आणि जांघ बघा. राखट-तपकिरी उवा हळू चालताना दिसतील आणि केसांच्या बुडाशी पांढरट लिखा चिकटलेल्या असतील. उवा चावतात तिथे बारीक जखम होते आणि विषाणू तिथूनच शिरतो. पोट आणि मांडीची पातळ कातडी उवांची आवडती जागा आहे, म्हणून देवीही तिथेच उमटते. उवांचा बंदोबस्त न करता फक्त फोडांवर आयोडीन लावत बसलात, तर उरलेली ८ पिल्लंही एकेक करून लागतील.

उवा दिसल्या नाहीत तर खरूज धरा. खरजेच्या किड्याचं घर कानाच्या आत असतं. बोथट चमच्याने कानाच्या आतली करडी-तपकिरी पापुद्र्यासारखी खपली थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडा आणि झाकणाच्या बाटलीत डॉक्टरांकडे न्या, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. घरी बघायचं तर ती खपली काळ्या कागदावर पसरून अर्धा तास उन्हात ठेवा. द्राक्षबागेत थ्रिप्स, कोळी बघायला आपण जे दहा पटींचं भिंग खिशात ठेवतो, त्यातून बघितलं तर पांढरे गोल ठिपके सरकताना दिसतात. नाही दिसले म्हणून खरूज नाही असं मात्र धरू नका, जुन्या खरजेत किडे कमी सापडतात.

उवा आणि खरूज दोन्हींवर आयव्हरमेक्टिन चालतं. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गाईचा डोस डुकराला देणं. गाईला १ टक्क्याचं इंजेक्शन ५० किलोला १ मिलि देतात. डुकराला ३३ किलोला १ मिलि लागतं. १० किलोच्या पिल्लाला ०.३ मिलि, २० किलोला ०.६, १०० किलोच्या मादीला ३ मिलि. पिल्लांसाठी १ मिलिचीच सिरिंज वापरा, ५ मिलिच्या सिरिंजवर ०.३ मोजता येत नाही. इंजेक्शन कानामागे मानेच्या सैल कातडीखाली, मांसात नाही. अंडी या औषधाने मरत नाहीत. ती फुटून नवे किडे बाहेर येतात, म्हणून १४ व्या दिवशी दुसरा डोस द्यावाच लागतो. पहिल्या डोसनंतर खाज कमी झाली की लोक दुसरा डोस टाळतात आणि दीड महिन्यात भिंत पुन्हा घासली जाते. आणि औषध सगळ्यांना एकाच दिवशी: नराला, अंग न घासणाऱ्या माद्यांना, सगळ्या पिल्लांना. एक नर सुटला तरी खरूज तिथून परत येते. इंजेक्शननंतर २८ दिवस तो माल कत्तलीला पाठवू नका.

काटा नसेल तर वजन टेपने काढता येतं. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, दोन्ही मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, म्हणजे किलो. घेर ०.८ आणि लांबी ०.९ असेल तर वजन सुमारे ४० किलो. अंदाजाने वजन धरलं तर बहुतेक वेळा ते कमीच धरलं जातं आणि औषध अर्धवट पडतं.

फवारणीच करायची असेल तर १२.५ टक्क्यांचं जनावरांसाठीचं अमिट्राझ १ लिटर पाण्यात ४ मिलि. कानाच्या आतली बाजू, शेपटीखालचा भाग सोडू नका, आणि त्याच दिवशी भिंती आणि झोपायची जागाही फवारा. बागेचा पंप मात्र वापरू नका. कितीही धुतला तरी त्यात मागच्या औषधाचा अंश राहतो. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रिनसारखी बागेतली औषधं अंदाजाने डुकरांवर मारल्यामुळे लाळ गळून, थरथरून पिल्लं मेली, हे आपल्या भागात घडतं. गाडीचं जळकं ऑइल चोपडण्याची पद्धतही बंद करा. ते कातडीतून आत जातं, पिल्लं अंग चाटतात, आणि उन्हात कातडी आणखी भाजते.

ताप नसताना कातडी बिघडायची आणखी काही कारणं आहेत, ती थोडक्यात सांगतो. दूध पिणाऱ्या, १ ते ५ आठवड्यांच्या पिल्लांचं अंग चिकट, तेलकट, तपकिरी होऊन वास मारायला लागला तर तो ग्रीसी पिग, जिवाणूंचा आजार. दात न कापलेल्या पिल्लांच्या ओरखड्यांतून आणि खरबरीत फरशीवर गुडघे सोलून तो शिरतो. यात पिल्लं पाणी कमी होऊन मरतात, म्हणून दोन दिवससुद्धा थांबू नका. दोन ते चार महिन्यांच्या डुकरांच्या दोन्ही बाजूंना सारख्याच, कोरड्या, भेगाळ खपल्या आणि खाज जवळपास नाही, तर जस्ताची कमतरता बघा. मका आणि भुशावर वाढवून वर ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून चुनखडीची भुकटी मुठी-मुठीने टाकली की जादा कॅल्शियम जस्ताला अंगी लागू देत नाही. आधी चुनखडी बंद करा आणि १०० किलो खाद्यात सुमारे ४५ ग्रॅम झिंक सल्फेट, २१-२२ टक्के जस्ताचं, नीट मिसळा. ते आधी २ किलो भरड्यात कालवून मगच मोठ्या ढिगात घ्या, नाहीतर एका पाटीत सगळं आणि बाकीत काहीच नाही असं होतं. पोटावर लाल कडांची पसरत जाणारी कडी, मध्ये कातडी साफ आणि खाज नाही, असं वाढत्या पिल्लांत दिसलं तर ते बहुतेक आनुवंशिक असतं आणि दीड-दोन महिन्यांत आपोआप जातं. त्यावर खर्च करू नका, पण त्या नराची पिल्लं पैदाशीला ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या यॉर्कशायरची पाठ आणि कानांचे शेंडे उन्हाने भाजतात. लाली फक्त वरच्या बाजूला आणि पोट स्वच्छ, ही त्याची खूण. शेडच्या पश्चिमेला शेडनेट बांधा.

आता ताप असलेली बाजू. थर्मामीटरने १०५ दाखवला आणि पाठीवर, कुशीवर चौकोनी-शंकरपाळ्यासारखे, हाताला उंच लागणारे लाल चट्टे असतील, तर तो एरिसिपेलस, जिवाणूंचा आजार. अंगठा चट्ट्यावर दाबून धरा आणि सोडा. ताज्या एरिसिपेलसमध्ये चट्टा क्षणभर फिका पडतो. स्वाइन फीव्हरमध्ये कातडीखाली रक्त उतरलेलं असतं, तो डाग दाबला तरी फिका होत नाही. ही खात्रीची तपासणी नाही, पण डॉक्टर येईपर्यंत दिशा कळते. एरिसिपेलसला पेनिसिलिन लवकर लागू पडतं, एक-दीड दिवसात जनावर उठून खायला लागतं. हा आजार माणसाच्या हाताच्या जखमेतून माणसालाही होतो, हातमोजे घाला.

ताप, कान-पोट-शेपटीजवळ जांभळेपणा, खाणं बंद, आधी बद्धकोष्ठ मग जुलाब, डोळ्यांत चिकट घाण, मागचे पाय लटपटणं, गाभण मादी गाभडणं, यातलं काही एकत्र दिसलं तर क्लासिकल किंवा आफ्रिकन स्वाइन फीव्हर गृहीत धरूनच चाला. नावं सारखी असली तरी विषाणू पूर्ण वेगळे आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. क्लासिकलला, ज्याला जुनी माणसं हॉग कॉलरा म्हणतात, लस आहे. आफ्रिकन २०२० मध्ये ईशान्य भारतात पहिल्यांदा आढळला. त्यावर आपल्याकडे लस नाही, आणि तीव्र स्वरूपात जवळपास सगळा कळप जातो. माणसाला दोन्ही होत नाहीत.

अशा वेळी १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेलं डुक्कर शेडमध्ये फाडून बघू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्ये सांडलेलं रक्तच सगळ्यात जास्त विषाणू पसरवतं. डॉक्टर जिवंत, ताप असलेल्या डुकराचं रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेऊन बर्फावर पाठवतील. राज्यात पुण्याच्या औंधमधला रोग अन्वेषण विभाग तपासणी बघतो, आणि आफ्रिकनची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होते. रोग पक्का झाला तर १ किलोमीटरच्या आतली डुकरं शास्त्रीय पद्धतीने मारली जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी होते. भरपाई अशा मारलेल्या डुकरांची असते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून ठेवण्यात पैशाचाही तोटाच आहे. मेलेलं जनावर नदीत, दारणेत, नाल्यात टाकू नका. विहिरीपासून लांब, २ मीटर खोल खड्डा करून वर चुना टाका.

नाकावर, खुरांच्या वरच्या कडेला फोड आणि डुक्कर लंगडतंय, तर लाळ्या खुरकूत. डुक्कर हा विषाणू श्वासातून गाईपेक्षा कितीतरी जास्त बाहेर टाकतं, म्हणून शेजारच्या गोठ्यांना त्याच दिवशी सांगा.

लसीबद्दल. क्लासिकलची लस पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर द्यायची, नंतर दरवर्षी. लस घेतलेल्या मादीच्या चिकातली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असताना फार लवकर टोचली तर ती लसीलाच निकामी करते. लस जिवंत विषाणूची असते. नाशिकहून सिन्नरला उन्हात पिशवीत नेली तर ती फक्त पाणी उरते. २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यात न्या, पाणी मिसळल्यावर २ तासांत संपवा. ताप असलेल्या कळपात घाबरून लस टोचत सुटू नका, एकाच सुईने आजार पुढे जातो. तुमच्या पिल्लांना लस झालेली नसेल तर खपल्या सुकल्यावर, ताप नसताना घ्या.

हॉटेलचं खरकटं हा आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका आहे. पंचवटी, नाशिकरोडहून ड्रम भरून आणलेल्या खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तर त्यात विषाणू महिनोन् महिने टिकतो. नुसतं गरम करून भागत नाही. ९० अंशांवर सतत ढवळत पूर्ण १ तास उकळा. कच्च्या खरकट्याचा ड्रम आणि उकळलेल्याचा ड्रम वेगळा, बादली वेगळी, शक्यतो माणूसही वेगळा. गावात मोकाट फिरणारी डुकरं उकिरड्यावर तेच खातात, ती तुमच्या कुंपणाला नाक लावू शकणार नाहीत अशी दुहेरी जाळी लावा. नवीन आणलेलं डुक्कर ३० दिवस वेगळं ठेवा.

शेड धुताना आधी शेण-माती खरवडून, साबणाच्या पाण्याने फरशी स्वच्छ करा. घाणीवर टाकलेलं जंतुनाशक घाणीतच संपतं. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम कॉस्टिक सोडा, अर्धा तास राहू द्या, आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. गॉगल, हातमोजे हवेतच. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. अ‍ॅल्युमिनियमची भांडी त्याने खाल्ली जातात. नीट न धुतलेल्या कॉस्टिकवर पिल्लं झोपली तर त्यांच्या पोटावर तुम्ही विचारलंय तसेच लाल चट्टे येतात. आठवड्यापूर्वी तुम्ही शेड कशाने धुतली होती, हेही आठवून बघा.

उद्या सकाळी ८ डुकरांचा ताप घ्या. सगळी १०४ च्या आत असतील तर आजारी ११ पिल्लं वेगळ्या खणात हलवा, त्यांचं खाद्य-पाणी शेवटी करा, आणि सगळ्या २३ जनावरांना आयव्हरमेक्टिनचा पहिला डोस द्या. गाभण मादीलाही देता येतो; विण्याच्या १०-१४ दिवस आधी दिला तर पिल्लं जन्मल्याबरोबर किडे घेत नाहीत. १४ व्या दिवशी दुसरा डोस. तोपर्यंत रोज दोन पिल्लांचा ताप मोजत राहा. मधेच एखाद्याचा पारा १०५ ला गेला किंवा खाणं सुटलं, तर देवीचं निदान बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्त तपासायला द्या.